ध्वनिमुद्रिकांची श्राव्यातीत स्वच्छता

ध्वनिमुद्रिकांची श्राव्यातीत स्वच्छता ही ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या खाचांत साचलेली धूळ, तेलकटपणा, काजळी व बुरशी श्राव्यातीत कंपनांच्या साहाय्याने काढण्याची पद्धत आहे. तबकडी उभी धरून तिचा खालचा भाग पाण्याच्या टाकीत बुडवला जातो व ती आडव्या आसाभोवती संथपणे फिरवली जाते. टाकीच्या तळाशी बसवलेले दाबविद्युत् घटक पाण्यात मानवी कानास ऐकू न येणाऱ्या, म्हणजे २० किलोहर्ट्‌झपेक्षा अधिक वारंवारतेच्या लहरी निर्माण करतात. या लहरींमुळे पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात आणि त्या धक्क्याने खाचांतील मळ सुटतो.

ही पद्धत मुख्यतः व्हिनाइलच्या तबकड्यांसाठी आहे. लाखेच्या, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांसाठी ती सरसकट वापरता येत नाही आणि लाकर लावलेल्या तबकड्यांसाठी ती मुळीच वापरू नये. महाराष्ट्रातील जुन्या घरगुती संग्रहांत या प्रकारच्या तबकड्या बहुधा एकाच पेटीत मिसळलेल्या असल्याने यंत्राच्या निवडीपेक्षा तबकडीची ओळख हा अधिक महत्त्वाचा प्रश्न ठरतो. वसई-विरारसारख्या किनारी, दमट प्रदेशात बुरशी आणि क्षारयुक्त पाणी या दोन स्थानिक अडचणींचीही त्यात भर पडते.

पार्श्वभूमी

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणास १९०२ साली कोलकाता येथे फ्रेड गायसबर्ग यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांपासून प्रारंभ झाला. त्या दौऱ्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे तबकड्या छापण्याचा कारखाना सुरू झाला. पुढे मुंबईत वडाळा येथे नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना उभा राहिला. 'यंग इंडिया' या नावाने तिच्या तबकड्या विकल्या जात. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मराठी घरांत पोहोचल्या त्या याच काळात. दीर्घवादन तबकड्यांच्या म्हणजे एल.पी.च्या काळात नाट्यसंगीत, भावगीते, भीमसेन जोशी यांचे अभंग आणि पु. ल. देशपांडे यांचे कार्यक्रम घरोघरी ऐकले गेले.

१९८० च्या दशकात कॅसेटचा प्रसार झाल्यावर तबकड्या माळ्यावर गेल्या. त्याच सुमारास आणि त्यानंतर गिरगाव, दादर, लालबाग, परळ येथील चाळींतून अनेक कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या मार्गावर वसई, नालासोपारा, विरार येथे राहावयास आली. त्यांच्या सामानात तबकड्यांच्या पेट्याही आल्या. वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना २००९ मध्ये झाली आणि २०१४ मध्ये हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला; परंतु या पेट्यांपैकी पुष्कळशा त्याहून बऱ्याच आधीपासून पत्र्याच्या ट्रंकेत किंवा पलंगाखाली बंद आहेत.

या तबकड्यांचे मोल केवळ भावनिक नाही. जुन्या काळातील अनेक ध्वनिमुद्रणांचे मूळ धातूचे साचे आज उरलेले नाहीत आणि ती ध्वनिमुद्रणे पुढे एल.पी., कॅसेट वा सी.डी.च्या रूपात पुन्हा निघालीही नाहीत. अशा ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत संग्राहकाच्या घरातील तबकडी हेच मूळ साधन असते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आपल्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून या क्षेत्रातील माहिती संकलित केली आहे. चुकीच्या स्वच्छतेने झालेले नुकसान भरून येत नाही, म्हणून खालील ओळख परीक्षा यंत्र सुरू करण्यापूर्वीच करणे आवश्यक आहे.

तबकडीची ओळख

लाखेची तबकडी. ७८ फेऱ्यांच्या बहुसंख्य तबकड्या लाख, दगडाची बारीक पूड, काजळी व तंतू यांच्या मिश्रणाच्या असतात. त्या जड व ठिसूळ असतात, हळूच टिचकी मारल्यास खणखणीत आवाज देतात आणि त्यांची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपते. त्यांचा व्यास बहुधा २५ सेंटिमीटर, क्वचित ३० सेंटिमीटर असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल मिसळलेले कोणतेही तयार द्रावण या तबकडीस लागल्यास तिचा पृष्ठभाग कायमचा खराब होतो. महासाथीच्या काळापासून घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या सहज हाताशी असतात, म्हणून ही सूचना विशेष लक्षात ठेवावी लागते.

केवळ वर्षावरून तबकडीचे द्रव्य ओळखता येत नाही. पाश्चात्त्य देशांत ७८ फेऱ्यांचे उत्पादन जवळजवळ थांबल्यानंतरही भारतात ते चालू राहिले; बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाच्या गाण्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या दशकात भारतात निघाल्या, त्या जगभरचे संग्राहक आजही शोधत असतात. उलटपक्षी ७८ फेऱ्यांच्या काही थोड्या तबकड्या व्हिनाइलवरही छापल्या गेल्या. शंका असल्यास तबकडी लाखेची आहे असेच समजून चालणे सुरक्षित होय.

व्हिनाइलची तबकडी. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची एल.पी. बाजारात आणली व पुढील वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. या तबकड्या पॉलिव्हिनाइल क्लोराइड व व्हिनाइल ॲसिटेट यांच्या सहबहुवारिकाच्या असतात. त्या किंचित वाकतात, वजनाला हलक्या असतात आणि टिचकी मारल्यास बोदा आवाज देतात. पाणी व सौम्य साबणद्रव्य यांचा त्यांवर परिणाम होत नाही. उष्णतेचा मात्र होतो.

लाकरची तबकडी. टेप येण्यापूर्वी नभोवाणी केंद्रांत व ध्वनिमुद्रण कक्षांत थेट कोरल्या जाणाऱ्या तबकड्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन बनवत. कडेला किंवा मधल्या छिद्रात धातू दिसतो, लेबल पुष्कळदा हाताने लिहिलेले असते आणि जुन्या थरावर पांढरी, मेणचट भुकटी येते. हा थर काळाने आकसतो व धातूपासून सुटू लागतो. श्राव्यातीत टाकीत तो सोलून निघण्याचा धोका असतो. अशी तबकडी सामान्यतः जगात एकच प्रत असलेली असते. ती घरी धुऊ नये, अभिलेखागारातील जाणकारांकडे सोपवावी.

कार्यतत्त्व

दाबविद्युत् परिणामाचा शोध पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला. काही स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युतभार निर्माण होतो आणि उलट विद्युतदाब दिल्यास स्फटिकाचा आकार बदलतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांझव्हँ यांनी या गुणधर्माचा उपयोग करून पाण्याखाली श्राव्यातीत लहरी सोडणारे साधन तयार केले. स्वच्छतेच्या टाकीखाली चिकटवलेले आजचे घटक त्याच घराण्यातील आहेत.

लहरीच्या विरल अवस्थेत पाण्यातील दाब कमी होऊन बुडबुडा फुगतो व संपीडन अवस्थेत तो एकाएकी कोसळतो. या क्रियेस कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा एखाद्या पृष्ठभागाजवळ कोसळला तर पाण्याची अतिसूक्ष्म धार त्या पृष्ठभागावर आदळते. ब्रशचा केस जेथे पोहोचत नाही तेथे ही धार पोहोचते, हे या पद्धतीचे सगळे बळ आहे.

वारंवारता वाढत जाते तसतसा बुडबुड्यांचा आकार लहान होत जातो. पाण्यात ४० किलोहर्ट्‌झला अनुनाद पावणाऱ्या बुडबुड्याची त्रिज्या सुमारे ८० मायक्रोमीटर असते, तर १२० किलोहर्ट्‌झला ती सुमारे २७ मायक्रोमीटर भरते. एल.पी.ची खाच वरच्या बाजूस साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद असते. त्यामुळे एल.पी.साठी अधिक वारंवारतेची यंत्रे श्रेयस्कर असल्याचे त्यांचे पुरस्कर्ते मानतात. दुसऱ्या बाजूने, कमी वारंवारतेचा धक्का अधिक जोरदार असल्याने घट्ट बसलेला मळ त्याने लवकर सुटतो. व्यवहारात ४० किलोहर्ट्‌झच्या टाकीतही तबकड्या चांगल्या स्वच्छ होतात. परंतु तबकडी एकाच जागी स्थिर ठेवू नये, सतत फिरती ठेवावी, म्हणजे धक्का एका ठिकाणी केंद्रित होत नाही.

घरगुती यंत्राची रचना

सोनार, चष्मेवाले, दंतवैद्य व घड्याळ दुरुस्त करणारे यांच्याकडे असलेल्या लहान श्राव्यातीत टाक्या परिचित आहेत. तबकडीसाठी त्या अपुऱ्या पडतात. ३० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीची त्रिज्या १५ सेंटिमीटर, तिच्या लेबलची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि सर्वांत आतल्या मुद्रित खाचेची त्रिज्या सुमारे ६ सेंटिमीटर असते. लेबल कोरडे ठेवून सर्व खाचा भिजवायच्या तर तबकडी साडेनऊ सेंटिमीटर बुडवावी लागते. त्या पातळीवर पाण्याला टेकणाऱ्या तबकडीची लांबी सुमारे २८ सेंटिमीटर भरते. म्हणून ३० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर खोल अशी सहा ते साडेसहा लिटरची टाकी घरगुती कामासाठी रूढ झाली आहे. अशा टाकीत सामान्यतः ४० किलोहर्ट्‌झचे तीन घटक असून त्यांची एकूण शक्ती १८० वॅटच्या आसपास असते.

टाकीवर बसवलेली छोटी मोटर आडवा दांडा फिरवते व त्यावर एक ते चार तबकड्या ओवल्या जातात. दोन तबकड्यांमध्ये किमान अडीच सेंटिमीटर अंतर असावे, नाहीतर मधल्या पाण्यात लहरी क्षीण होतात. लेबलांवर दोन्ही बाजूंनी रबरी कडा असलेल्या चकत्या आवळतात. फेरी जितकी संथ तितके चांगले. एका फेरीस दोन ते पाच मिनिटे लागावीत. जोरात फिरणारी तबकडी पाण्यात हवा ओढून आणते व कॅव्हिटेशन मंदावते.

या रचनेतील एक त्रुटी सहसा लक्षात येत नाही. साडेनऊ सेंटिमीटर बुडवलेल्या तबकडीची बाहेरची कड प्रत्येक फेरीत सुमारे ३८ टक्के वेळ पाण्याखाली असते, तर सहा सेंटिमीटर त्रिज्येवरील आतली खाच केवळ १३ टक्के. पंधरा मिनिटांच्या धुण्यात बाहेरच्या खाचेला पावणेसहा मिनिटे मिळतात व आतल्या खाचेला जेमतेम दोन. प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे इतरांच्या मानाने खरखरीत राहिले तर पाण्याची पातळी व एकूण वेळ तपासावा. पाणी आणखी चढवणे हा उपाय नव्हे, कारण लेबल आणि पाणी यांमध्ये आधीच अर्ध्या सेंटिमीटरचे अंतर उरलेले असते. वेळ वाढवणे हाच मार्ग आहे. ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्या त्याच दांड्यावर ओवल्या तर त्या पाण्यापर्यंत पुरेशा पोहोचत नाहीत, त्यांच्यासाठी दांडा खाली घ्यावा लागतो.

तयार यंत्रांत जर्मनीचे ऑडिओ डेस्क, एस्टोनियाचे १२० किलोहर्ट्‌झवर चालणारे डिग्रिटर आणि हाँगकाँगचे ४० किलोहर्ट्‌झचे हमिंगुरू ही नावे प्रचलित आहेत. ती धुऊन झाल्यावर पंख्याने वाळवतातही. भारतात ती आयात करावी लागत असल्याने बहुतेक संग्राहक सुटी टाकी व मोटर यांवरच भागवतात. वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान यंत्रशाळांची दाटी आहे. दांडा, चकत्या, टाकीवरची कमान असे भाग तेथे कातून घेणे कठीण नाही.

पाणी व द्रावण

या पद्धतीत सर्वाधिक दुर्लक्ष पाण्याकडे होते. खाचेत राहिलेला पाण्याचा थेंब आटतो तेव्हा त्यातील क्षार तेथेच बसतात आणि सुई त्यांवरून जाताना तडतड ऐकू येते. अशा वेळी 'धुतल्यावर तबकडी बिघडली' असा समज होतो. वसई-विरार शहरास सूर्या प्रकल्पाबरोबर पेल्हार व उसगाव येथील धरणांतून पाणी मिळते. पुष्कळ इमारतींना त्याखेरीज कूपनलिकेच्या व टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. किनारपट्टीतील विहिरी, बावखले व कूपनलिका यांच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतातच. एकाच नळाला सकाळी एक व संध्याकाळी दुसरेच पाणी येण्याची शक्यता असल्याने नळाच्या पाण्यावर विसंबू नये. पहिल्या हातधुणीसाठी ते चालते, टाकीसाठी व विशेषतः शेवटच्या विसळणीसाठी चालत नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित पाणी या कामास योग्य आहे. कॅनवर तशी स्पष्ट नोंद असावी. बॅटरीत घालण्याचे आम्ल वेगळे असते आणि दोन्हींचे कॅन एकाच दुकानात ठेवलेले असतात. घरातील आर.ओ. यंत्राचे पाणी त्याखालोखाल बरे, कारण त्यात थोडे क्षार उरतातच, शिवाय काही यंत्रे चवीसाठी ते पुन्हा मिसळतात.

केवळ पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्याने ते अरुंद खाचेत सहज उतरत नाही. त्यासाठी अनायनी प्रकारचे पृष्ठताण कमी करणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने तबकड्यांच्या स्वच्छतेसाठी टर्जिटॉल या द्रव्याचा वापर सुचवलेला आहे. छायाचित्रणातील फिल्म धुताना शेवटी वापरावयाचे ओलेपणा देणारे द्रावणही संग्राहक वापरतात. सहा लिटरच्या टाकीस काही थेंब ते एखादा चहाचा चमचा एवढीच मात्रा पुरते. फेस येऊ लागला म्हणजे प्रमाण अधिक झाले. भांड्यांचा साबण, शाम्पू, कपड्यांची पूड यांत सुगंध, रंग व मेण असतात. ते खाचेत राहतात.

काही संग्राहक व्हिनाइलसाठी टाकीत थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात. ते तेलकटपणा लवकर काढते व वाळण्यास मदत करते. मात्र कंप पावणाऱ्या, कोमट होत जाणाऱ्या उघड्या टाकीतून त्याची ज्वालाग्राही वाफ निघते आणि बाजूलाच मोटर व विजेची जोडणी असते. शिवाय त्याच टाकीत पुढे चुकून लाखेची तबकडी गेली तर ती बाद होते. मिश्र संग्रह असलेल्या घरात टाकीत अल्कोहोल न घालणे हेच शहाणपणाचे आहे.

कृती

तबकडीवरील जाड धूळ प्रथम कोरड्या मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने काढावी. स्वयंपाकघराजवळ किंवा देवघराच्या खोलीत वर्षानुवर्षे राहिलेल्या तबकड्यांवर फोडणीच्या वाफेचा व उदबत्तीच्या धुराचा चिकट थर असतो, बोटांचे खोबरेल तेलाचे ठसेही असतात. असा थर थेट टाकीत नेल्यास तो पाण्यात पसरून पुढच्या तबकड्यांवर बसतो. त्यामुळे आधी सौम्य द्रावणाने हातधुणी करावी.

टाकी भरल्यावर तबकडी न घालता ती दहा मिनिटे चालवावी. पाण्यात विरघळलेली हवा यामुळे निघून जाते. ती राहिल्यास कॅव्हिटेशन दुबळे पडते. त्यानंतर तबकड्या ओवून दहा ते पंधरा मिनिटे फिरवाव्यात. टाकीचे काम नीट चालले आहे का, हे ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची पट्टी क्षणभर पाण्यात उभी धरून पाहता येते: थोड्याच वेळात तिला बारीक छिद्रे व खळगे पडतात. छिद्रे एकाच बाजूस पडत असतील तर एखादा घटक बंद पडलेला असतो.

तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे. इतर वस्तूंच्या स्वच्छतेसाठी श्राव्यातीत टाकी ५० ते ६० अंशांवर उत्तम चालते, परंतु त्या तापमानात व्हिनाइल मऊ पडून तबकडी वाकते. टाकीतील तापक बंदच ठेवावा. कंपनांमुळे पाणी स्वतःहून तापते. एप्रिल-मे महिन्यांत वसईत साठवलेले पाणी मुळातच तीस अंशांच्या जवळ असते, तेव्हा दोन-तीन फेऱ्यांनंतर टाकीला विश्रांती द्यावी लागते.

शेवटी तबकडी द्रावणविरहित क्षारमुक्त पाण्याने विसळावी. हा टप्पा वगळला तर द्रावणाचा पातळ थर सुईच्या टोकावर गोळा होतो. टाकीतील पाणी गढूळ दिसू लागताच बदलावे. गाळणी बसवल्यास ते अधिक काळ टिकते.

यंत्र चालू असताना हात पाण्यात घालू नये, पाण्याशिवाय टाकी चालवू नये आणि पाणी काढताना प्लग काढलेला असावा. पोलादी टाकी व पाणी यांच्या संयोगामुळे योग्य अर्थिंग असलेलाच सॉकेट वापरावा. मूळ लहरी ऐकू येत नसल्या तरी त्यांच्यासोबत कर्कश सळसळ निर्माण होते. म्हणून टाकीवर झाकण ठेवून शेजारच्या खोलीत थांबणे कानांसाठी हितावह असते.

पावसाळा, बुरशी आणि पूर

वसई-विरार परिसरात पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता सतत अधिक असते. तबकडीचे कागदी पाकीट व पुठ्ठ्याचे वेष्टण ओलावा धरून ठेवतात आणि त्यातील खळीवर बुरशी वाढते. तेथून ती तबकडीवर पसरते. व्हिनाइल हे बुरशीचे खाद्य नसले तरी खाचेतील धूळ, तेल व बोटांचे ठसे तिला पुरेसे होतात. लाखेच्या तबकडीवर ती अधिक खोल बसते व पृष्ठभाग खडबडीत करते.

बुरशी आलेली तबकडी घरात झटकू नये. मुखपट्टी लावून, गॅलरीत किंवा अंगणात, ओलसर कापडाने पुसून मग हातधुणी करावी व सर्वांत शेवटी ती टाकीत घालावी. बुरशीच्या तबकड्यांनंतर टाकीतील पाणी टाकून द्यावे. स्वच्छ झालेली तबकडी पुन्हा जुन्या पाकिटात घातली तर सारे श्रम वाया जातात, आणि नेमकी हीच चूक सर्वांत अधिक होते. आतले पाकीट नवे असावे. ते पॉलिथिनचे किंवा आम्लविरहित कागदाचे चालते, पी.व्ही.सी.चे नव्हे, कारण त्यातील मृदुकारक द्रव्य तबकडीच्या पृष्ठभागावर उतरून धुरकट डाग पाडते. मूळ पाकिटावर जाहिरात वा नोंद असल्यास ते फेकू नये, वाळवून वेगळे ठेवावे.

जुलै-ऑगस्टमध्ये धुतलेली तबकडी आपोआप वाळण्यास अनेक तास लागतात आणि वरवर कोरडी दिसली तरी खाचांत ओल राहते. पंख्याच्या वाऱ्यात उभ्या घडवंचीवर ठेवणे, मायक्रोफायबर कापडाने टिपणे किंवा शोषणयंत्राने पाणी खेचून घेणे हे पर्याय आहेत. उन्हात वा हेअर ड्रायरने वाळवू नये. घाई नसलेल्या संग्राहकाने हे काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत काढावे. त्या काळात स्थिर विद्युतभारामुळे धूळ चटकन चिकटते, तेवढी मात्र दक्षता घ्यावी.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरार येथील सखल भाग काही दिवस पाण्याखाली होते आणि नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडाल्याने पश्चिम रेल्वेची वाहतूक खंडित झाली होती. अशा प्रसंगी तळमजल्यावरील संग्रह भिजल्यास वेष्टणे प्रथम काढावीत व चिखल सुकण्यापूर्वीच तबकड्या स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धराव्यात. गाळातील वाळूचे कण कठीण असतात. ते खाचेत असताना कापडाने पुसल्यास तबकडीवर कायमचे ओरखडे उठतात. लाखेच्या तबकड्यांना पाण्यात फार वेळ राहू देऊ नये, कारण त्यांतील पूड व तंतू पाणी शोषून फुगतात. भिजलेल्या तबकड्या एकमेकींवर आडव्या रचू नयेत. श्राव्यातीत टाकीचा उपयोग गाळ पूर्ण निघून गेल्यावरच करावा.

लाखेच्या तबकड्यांविषयी मतभेद

७८ फेऱ्यांच्या तबकड्या श्राव्यातीत टाकीत घालाव्यात की नाहीत, याबाबत संग्राहकांत एकमत नाही. न तडकलेली, कडा शाबूत असलेली तबकडी थंड, अल्कोहोलविरहित पाण्यात दोन-तीन मिनिटे फिरवल्यास लाभ होतो, असा काहींचा अनुभव आहे. इतर संग्राहक केसाएवढी चीर असलेल्या तबकडीत पाणी शिरून ती दुभंगण्याचा धोका दाखवतात. जुन्या तबकड्यांतील चिरा उजेडात तिरपी धरल्याखेरीज दिसत नाहीत, हे पाहता दुसऱ्या पक्षाची सावधगिरी अधिक ग्राह्य वाटते. या तबकड्यांची खाच एल.पी.पेक्षा कितीतरी रुंद, सुमारे १५० मायक्रोमीटर असते. तेथे मऊ ब्रश पोहोचतो. म्हणजे यंत्राची गरजच तुलनेने कमी असते. क्षारमुक्त पाणी, द्रावणाचा थेंब, खाचांच्या दिशेने ब्रश, लगेच विसळणे व लगेच टिपणे एवढ्याने त्यांतील बराच मळ निघतो.

मर्यादा

श्राव्यातीत स्वच्छता खाचेवरील मळ काढते, खाच दुरुस्त करीत नाही. ७८ फेऱ्यांच्या काळात पोलादी सुई प्रत्येक बाजूस बदलणे अपेक्षित होते, परंतु काटकसरीने एकच सुई कित्येक तबकड्यांना पुरवली जाई. बोथट सुईने खाचेच्या भिंती झिजतात व तबकडी करडी दिसू लागते. आवडती गाणी जितकी अधिक वाजली तितकी त्यांची तबकडी अधिक झिजलेली असते. अशी तबकडी धुतल्यावर तडतड कमी होते, झिजेची खरखर तशीच राहते, उलट मळ निघाल्यामुळे ती अधिक स्पष्ट ऐकू येते. छापतानाच राहिलेले दोष, ओरखडे व वाकलेपण यांवरही या पद्धतीचा परिणाम होत नाही.

पूर्वीच्या पद्धतींशी तुलना

यंत्राने तबकड्या धुण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस कीथ मंक्स यांचे शोषणयंत्र पुढे आले. त्यात द्रावण लावून ब्रशने घासल्यावर बारीक नळीने ते ओढून घेतले जाते. बीबीसीसारख्या संस्थांनी ते वापरले. १९८० च्या दशकात अमेरिकेतील व्ही.पी.आय. कंपनीची घरगुती शोषणयंत्रे लोकप्रिय झाली. शोषणयंत्र मळासह पाणी बाहेर नेते, श्राव्यातीत टाकी मळ सोडवते पण तो त्याच पाण्यात ठेवते. म्हणून ज्यांना शक्य आहे ते संग्राहक दोन्ही क्रमाने वापरतात: आधी टाकी, मग विसळणी व शोषण.

मुंबईतील चोरबाजार, पुण्यातील जुना बाजार येथे मिळणाऱ्या वापरलेल्या तबकड्यांची मागणी अलीकडे वाढली आहे आणि २०२४ पासून मुंबईच्या परिसरात व्हिनाइलच्या तबकड्या छापण्याचे कामही पुन्हा सुरू झाले आहे. नव्या तबकडीवरही छपाईतील कण व कागदी पाकिटाची भुकटी असते. तिला एक छोटी धुणी पुरते.

जतन

स्वच्छ तबकड्या उभ्या ठेवाव्यात. १९५९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी पिकेट व लेम्को यांनी केलेल्या अभ्यासातही उभ्या साठवणीचा पुरस्कार करण्यात आला होता. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. गच्चीखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात तबकड्या वाकतात आणि तळमजल्यावर जमिनीलगत ठेवल्यास वाळवी, कसर व पाणी यांचे भय असते. जमिनीपासून हातभर उंच, आतल्या भिंतीचे, हवा खेळते राहणारे कपाट त्यांना मानवते. पहिल्या वादनाच्या वेळीच ध्वनीची संगणकीय प्रत करून घ्यावी व तबकडीचा क्रमांक, कंपनी, गायकाचे नाव आणि लेबलवरील इतर मजकूर तिच्यासोबत नोंदवावा.